खुर्चीचा अर्ज मागे घेतला: वर्कस्टेशन तपासणीनंतरचे नऊ महिने

उजवा खांदा दुखायला लागला तेव्हा मी सगळ्यांसारखंच खुर्चीवर खापर फोडलं. ऑफिसात पाठ दुखो, मान दुखो, मनगट दुखो, अर्ज जातो तो नव्या खुर्चीचाच. अ‍ॅडमिनकडून खुर्चीऐवजी 'रोसा'चा तक्ता आला आणि 'आधी हा भरा' असा निरोप आला, तेव्हा मला ती शुद्ध टोलवाटोलवी वाटली. त्याला आता नऊ महिने झाले. खुर्ची तीच आहे, खांदा बरा आहे.

रोसा म्हणजे रॅपिड ऑफिस स्ट्रेन असेसमेंट, कॅनडातल्या संशोधकांनी 2012 मध्ये मांडलेली पद्धत. खुर्ची, मॉनिटर-फोन आणि माउस-कीबोर्ड असे तीन भाग. तिन्ही भागांच्या गुणांची सरळ बेरीज नसते, आडव्या-उभ्या रकान्यांतून जुळवत शेवटी 1 ते 10 मधला एक आकडा काढायचा. शाळेच्या उलट, जितके गुण जास्त तितकी परिस्थिती वाईट. 5 किंवा त्याहून वर गेलात तर लगेच सविस्तर तपासणी करावी असं ही पद्धत सांगते. मला 6 आले.

तक्ता भरताना मी आधी चक्क ताठ बसले होते. तपासणी म्हटलं की माणूस असा बसतो जसा तो एरवी कधीच बसत नाही. म्हणून शेजारच्या सहकाऱ्याला म्हटलं, "मी कामात असले की न सांगता बाजूने फोटो काढ." फोटो बघून लाजच वाटली. डोकं पुढे, हनुवटी वर, दोन्ही पाय खुर्चीच्या चाकांच्या फाट्यांवर, आणि उजवं कोपर अंगापासून सुटून कीबोर्डच्या नंबरपॅडपलीकडे माउसपर्यंत ताणलेलं. दिवसाचे सहा-सात तास तो हात तसाच हवेत!

सुरुवात कोपरापासून करायची हे मला उशिरा कळलं. हात सैल सोडून कोपर साधारण काटकोनात वाकवलं की ते कीबोर्डच्या उंचीला यायला हवं. टेबल वर-खाली होत नसल्यामुळे खुर्ची वर घेतली, तर पाय लोंबकळायला लागले. फूटरेस्ट येईपर्यंत प्रिंटरच्या कागदाची दोन रिमं शेजारी-शेजारी ठेवून त्यावर पाय टेकले. दिसायला गबाळं, पण काम झालं. हात-टेकू टेबलाच्या कडेला अडत होते, म्हणून मी कायम खुर्चीच्या पुढच्या टोकावर बसायचे आणि पाठीचा टेकू नुसता शोभेला. हात-टेकू खाली केल्यावर खुर्ची आत सरकली. आणि बैठक मागे-पुढे सरकवायचा खटका! दोन वर्षं त्या खुर्चीवर बसून मला तो ठाऊकच नव्हता. गुडघ्याची मागची बाजू आणि बैठकीची कड यांत दोन-तीन बोटं मावतील इतकी जागा ठेवली आणि मांड्यांना येणाऱ्या मुंग्या थांबल्या.

खांद्याचा खरा गुन्हेगार मात्र माउस. नंबरपॅड नसलेला छोटा कीबोर्ड मागून घेतला, माउस बराच जवळ आला, आणि तीनेक आठवड्यांत रात्री कुशीवर झोपता यायला लागलं. सगळ्या उठाठेवीत जास्तीत जास्त फरक याच एका बदलाने पडला. दिवसभर आकडे भरणाऱ्यांची यात पंचाईत होईल; त्यांनी सुटा नंबरपॅड घेऊन डावीकडे ठेवावा. कीबोर्डचे मागचे पाय मी मिटून टाकले. ते उघडे असले की मनगट वर मुडपतं.

मॉनिटरने मात्र छळलं. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जराशी खाली असावी, अंतर हातभर. अगदी तसं केलं आणि मान आणखी आखडली. कारण माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच काचेत लांबचा आणि जवळचा नंबर. जवळचं बघायचं ते खालच्या भागातून, म्हणून हनुवटी वर जाते. मान मागे झुकली याचे गुण तक्ता देतो, का झुकली हे विचारत नाही. शेवटी स्क्रीन बरीच खाली घेतली, जराशी मागे कलवली, तेव्हा सुटले.

जेलचा मनगट-टेकू वायफळ निघाला. टाइप करताना मनगट त्यावर दाबून ठेवण्यात उलट तोटाच. उभं राहून काम करायचा स्टँड दोन आठवडे वापरला. टाचा भरून आल्या. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद बघायची आठवण देणारी स्क्रीनवरची खिडकी तिसऱ्या दिवसापासून मी न वाचताच बंद करायला लागले. टिकली एकच सवय: फोन आला की उठून बोलायचं.

माझं टेबल दुसऱ्या पाळीतही वापरलं जातं, त्यामुळे रोज सकाळी सगळं बदललेलं असायचं. त्यावर उपाय म्हणून टेबलाच्या पायावर माझ्या बैठकीच्या उंचीला निळी चिकटपट्टी लावली आणि मॉनिटरच्या दांड्यावर मार्करने रेघ मारली. आता अर्ध्या मिनिटात बसते.

सहा महिन्यांनी पुन्हा तक्ता भरला, 4 आले. त्याहून कमी होणं अवघड दिसतंय, कारण दिवसाला चार तासांपेक्षा जास्त वापर असला की वेळेचा एक गुण चढतोच आणि काम काही चार तासांचं नाही. शिवाय खिडकी पाठीमागे आहे. टेबल काटकोनात फिरवून मागितलं, तर वायरिंग जमिनीतून आलंय म्हणून नकार मिळाला. दुपारी चारनंतर स्क्रीनवर उजेड चकाकतो आणि तो चुकवायला मी डावीकडे कलते. परवा काढलेल्या फोटोत ते स्पष्ट दिसतंय.