अंडी बरी की पोटातली पिल्लं? नाग आणि घोणस

सापासाठी अंडी घालणं सोयीचं की पिल्लं पोटात वाढवणं, असा प्रश्न माझ्या भाचीला पडलाय. नागीण साधारण 10 ते 30 अंडी घालते. पोटातला भार लवकर उतरतो, पण पुढचे सुमारे दोन महिने अंड्यांची राखण करावी लागते. घोणस सहा महिन्यांहून अधिक काळ पिल्लं पोटात वागवते, मग एकदम 20 ते 40! पातळ पापुद्रा फाडून वळवळत निघालेली, वीतभर लांब, अंगावर आईसारखीच साखळीची नक्षी.

दोघांचीही पिल्लं जन्मतःच विषारी. पहिल्या दिवसापासून दात आणि विष तयार. नागाचं पिल्लू तर फणाही काढतं. म्हणून 'पिल्लूच आहे' म्हणत हात लावू नका.

ऊबदार, सुरक्षित बीळ असेल तिथे अंडी परवडतात. बेभरवशाच्या थंड जागी घोणशीची रीत सरस, आई उन्हात सरकली की पिल्लांनाही ऊब मिळते.