हँडहेल्ड रेकॉर्डर : सात महिन्यांच्या वापरानंतर

मी घरीच बासरी आणि तानपुऱ्यावर वाद्यसंगीताचे तुकडे करतो. त्यातला पाऊस, ओढा, पाखरं इंटरनेटवरून उतरवलेली नकोत, स्वतः ऐकलेली हवीत, म्हणून मे महिन्यात हा रेकॉर्डर घेतला.

पहिली गोष्ट, माइकवर चढवायचं, वारा अडवणारं केसाळ कव्हर सोबतच घ्या. डोंगरावर साधी झुळूक आली तरी माइकमध्ये धडधड भरते आणि ती नंतर काढता येत नाही. हातात धरूनही रेकॉर्ड करू नका, बोट हललं तरी ऐकू येतं. मी छोट्या ट्रायपॉडवर ठेवतो आणि दहा पावलं लांब जाऊन बसतो. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ या दर्जाच्या स्टिरिओ रेकॉर्डिंगला तासाला साधारण १ जीबी लागतो, त्यामुळे ३२ जीबीचं कार्ड पुरून उरतं. लेव्हल, म्हणजे रेकॉर्ड होणाऱ्या आवाजाची पातळी, मात्र कमीच ठेवा. जुलैत एकदा वीज कडाडली आणि वीस मिनिटांच्या सुंदर सरीत नेमका तिथेच आवाज फाटला.

खरी उणीव आहे ती माइकच्या स्वतःच्या 'सूं' आवाजाची. मुसळधार पावसात तो कळतही नाही. पहाटेच्या शांत रानात गेन (माइकची संवेदनशीलता) वाढवला की पाखराआधी तोच ऐकू येतो. सॉफ्टवेअरने साफ करून पाहिला, तर पाखरू पाण्याखालून बोलल्यासारखं वाटू लागलं. आवाजाच्या जवळ जाणं एवढाच उपाय. पक्षी जवळ यावा म्हणून त्याचाच आवाज मोबाइलवर वाजवणं मला पटत नाही. विणीच्या दिवसांत तर तो त्याला छळच.

ताम्हिणी घाटात शीळकरी कस्तूर हा पक्षी रेकॉर्ड करायला मिळाला. माणसानेच शीळ घालावी तसा गातो, पण आपल्या सप्तकात बसत नाही. आधी त्याची शीळ माझ्या पट्टीत ओढून पाहिली आणि तिचा जीवच गेला. मग त्याचा सर्वांत लांबलेला सूर पंचम मानून तानपुराच किंचित चढवला. बासरी फुंकेच्या कोनाने तेवढी वर नेता येते. आता तो तुकडा वाजतो तेव्हा बासरी त्याच्याकडे ऐकत असल्यासारखी वाटते.

सर्वांत जास्त वापरलेलं रेकॉर्डिंग मात्र गावच्या घरचं. कौलांच्या पागोळ्या तांब्याच्या घंगाळात पडत होत्या. रिकाम्या घंगाळात टणत्कार, पाणी चढत गेलं तसा आवाज बदलत 'डुबुक'वर आला. ते थेंब क्लिकच्या, म्हणजे ठेका धरणाऱ्या यांत्रिक टकटकीच्या, मात्रांवर बसवले नाहीत. क्लिक बंद केला आणि त्यांच्याच चालीने वाजवलं.

घरातली बासरी रात्री अकरानंतर, भिंतीला दोन गोधड्या टांगून. त्याआधी शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या येतात.

पाऊस, ओढे, बेडूक, रातकिडे एवढंच हवं असेल तर हा रेकॉर्डर बिनधास्त घ्या. निःशब्द रानातली एखादी हलकी शीळ पकडायची असेल तर थोडं थांबून कमी 'सूं' असलेल्या बाहेरच्या माइकसाठी पैसे साठवा. मी मृगाच्या आधी तेच करणार आहे.