खर्रा सोडताना: निकोटिनचं च्युइंगगम की पॅच?

खर्रा सोडायचं तुमचं पक्कं झालं आहे असं धरून चालतो. खर्र्यातली तंबाखू-सुपारी तोंडाची काय गत करते, ते आपल्याकडे घरोघरी पाहिलेलं असतं. मेडिकलवाला तुमच्यासमोर दोन गोष्टी ठेवेल, निकोटिनचं च्युइंगगम आणि कातडीवर चिकटवायचा पॅच. मी दोन्ही वापरले आहेत. औषध दोन्हींत एकच आहे, फरक आहे तो शरीरात शिरायच्या वाटेचा आणि वेगाचा.

आधी खर्र्याची वाट बघा. पानठेल्यावर पन्नीत घोटताना त्यात चुना पडतोच. चुन्यानं लाळ अल्कधर्मी, म्हणजे आंबटाच्या उलट, होते आणि अशा लाळेतलं निकोटिन गालाच्या आतून भराभर रक्तात उतरतं. साधारण अर्ध्या तासात त्याचा जोर सगळ्यात जास्त असतो. मेंदूत ते ॲसिटिलकोलीन या निरोप्या रसायनाच्या रिसेप्टरवर, म्हणजे निरोप धरणाऱ्या जागेवर, बसतं, तिथून डोपामिन हे बरं वाटायला लावणारं रसायन सुटतं आणि माणसाला हुशारी वाटते. कपाशीवरच्या तुडतुड्यांसाठी आपण इमिडाक्लोप्रिड फवारतो, ते औषधही किडीच्या शरीरात याच जातीच्या रिसेप्टरला धरतं. रोजच्या निकोटिननं मेंदूतले हे रिसेप्टर वाढत जातात, आणि रक्तातलं निकोटिन तर दर दोनेक तासांनी निम्म्यावर येतं. मग चिडचिड होते, कामात मन लागत नाही, पाय आपोआप ठेल्याकडे वळतात.

गम याच वाटेनं जातं. चुन्याचं काम त्यात सोडियम कार्बोनेट करतं. थोडं चावायचं, झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचं, झिणझिण्या ओसरल्या की परत चावायचं. खर्र्याची सवय असलेल्याला हे जड जातं, कारण तोंड सारखं चघळायलाच बघतं. सारखं चघळलं की निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, उचक्या लागतात, छातीत जळजळतं. शिवाय पोटातून गेलेलं निकोटिन आधी यकृतात पोचतं आणि बरंचसं तिथेच मोडलं जातं. म्हणजे त्रास पदरी पडतो आणि तलफ जागच्या जागी राहते.

तरी एवढं मी निभावून नेलं असतं. माझं गणित बिघडवलं ते चहानं. गम घेण्याआधी पंधरा मिनिटं आणि ते तोंडात असेपर्यंत काही खायचं-प्यायचं नाही, असा नियम आहे. कॉफी, कोला, लिंबूशरबत यांनी लाळ आंबट होते आणि निकोटिन गालातून आत जाईनासं होतं. बाकी काहीही प्यायलं तरी निकोटिन घोटाबरोबर पोटात वाहून जातं. आता आपल्या गावात हा नियम पाळायचा कसा? वेचाईचा हिशेब करायला कोणाच्या घरी जावं तर, "बसा जी, चहा टाकलाच आहे." नाही म्हटलं की घरची बाई विचारते, "काऊन जी, आमच्या घरचा चालत नाही का?" वावरातून परतताना धुऱ्यावर कोणी भेटला की तो टपरीवर घेऊन जातो. चहा नाकारणं म्हणजे माणूस नाकारणं. आणि खर्रेवाल्याची खरी तलफ नेमकी चहानंतर येते, म्हणजे गमची गरज सगळ्यात जास्त असते तेव्हाच तोंड त्याच्या कामाचं नसतं.

पॅचला तोंडाशी देणंघेणंच नाही. सकाळी लावला की निकोटिन कातडीतून हळूहळू, दिवसभर रक्तात जात राहतं. चढायला काही तास लागतात, खर्र्यासारखा झटका येत नाही, आणि मला वाटतं नेमकी तीच गोष्ट मेंदूला झटक्याची सवय सोडायला लावते. ज्यांचा जबडा आखडला आहे, दोन बोटंही तोंडात जात नाहीत, त्यांना तर गम चावणंच अवघड.

पॅचचे दोषही सांगतो. आपल्या उन्हाळ्यात घामानं कडा सुटतात. कातडी कोरडी पुसून, तेल न लावता, तळहातानं दहा सेकंद दाबून धरला तर टिकतो. दंडावर बाहीखाली लावा, कारण तापलेल्या कातडीतून निकोटिन जास्त वेगानं आत जातं. रोज जागा बदला, नाहीतर खाज सुटते. रात्री विचित्र स्वप्नं पडू लागली तर झोपताना काढून ठेवा, मी तेच करायचो. आमच्याकडे गम सहज मिळतं, पॅच मात्र आधी सांगून मागवावा लागला. अचानक उसळलेल्या तलफेवरही पॅचचा तातडीचा इलाज नाही. तेवढ्यापुरतं गम बरं, आणि काही डॉक्टर पॅचच्या जोडीला गम देतातही.

सुपारीतल्या अरेकोलीन या नशेच्या द्रव्याची जागा मात्र दोघांपैकी कोणीच घेत नाही, आणि सुपारीचीही मेंदूला सवय लागलेली असते. त्यासाठी मी खिशात सोप, म्हणजे बडीशेप, ठेवली. या दोन्ही उपायांचा बराचसा अभ्यास विडी-सिगारेट ओढणाऱ्यांवर झालेला आहे, म्हणून माझा अनुभव जसाच्या तसा तुम्हाला लागू होईल असं म्हणवत नाही. तरी दिवसात दहा घरचा चहा घेणाऱ्या माणसाला मी पॅचच सुचवेन.

पॅच 21, 14 आणि 7 मिलिग्रॅमचे असतात. कितीपासून सुरुवात करायची ते डॉक्टरांना विचारा, हृदयाचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर त्यांना विचारल्याशिवाय लावूच नका. 1800-11-2356 या राष्ट्रीय क्विटलाइनवर, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या नंबरवर, फोन फुकट लागतो. आणि काढलेल्या पॅचमध्येही निकोटिन उरतं. तो चिकट बाजू आत घेऊन दुमडा आणि लेकरांच्या हाती लागणार नाही असा टाका.