‘द वॉकिंग डेड’ की ‘किंगडम’? शनिवारच्या बैठकीसाठी एक तुलना

आमच्या घोडबंदर रस्त्यावरील गृहसंकुलातील आठ जणांनी या पावसाळ्यात दर शनिवारी रात्री एकत्र बसून एखादी मालिका पाहावी आणि नंतर तिच्यावर निवांत बोलावे, असे ठरवले आहे. संकटकाळात नेता कसा ठरतो आणि नीती कुठवर टिकते, हा विषय एकमताने निघाला. त्यासाठी झॉम्बींची, म्हणजे मेल्यावर उठून माणसांवर तुटून पडणाऱ्या प्रेतांची, मालिका पाहू, असे मी सुचवले तेव्हा मात्र दोघा ज्येष्ठांनी नाके मुरडली. त्यांची तक्रार अगदीच निराधार म्हणता येणार नाही, कारण या प्रकारात रक्तमांस मुबलक असते आणि विचार पुष्कळदा तोंडी लावण्यापुरताच. तरीही अमेरिकेतील ‘द वॉकिंग डेड’ आणि दक्षिण कोरियातील ‘किंगडम’ या दोन मालिका बैठकीत चर्चेला घेण्याच्या योग्यतेच्या आहेत, असे माझे मत आहे, आणि दोन्हींपैकी आधी कोणती निवडावी यासाठी हा आढावा लिहीत आहे. कथानकातील काही वळणे सांगितल्यावाचून त्यांतील नीतीविषयी बोलता येत नाही. ज्यांना आधी काहीच कळू द्यायचे नसेल त्यांनी शेवटचा परिच्छेद तेवढा वाचावा.

प्रथम वेळेचा हिशेब. ‘द वॉकिंग डेड’ 2010 ते 2022 या काळात चालली आणि तिचे 11 सीझन, 177 भाग आहेत. शनिवारी दोन भाग पाहिले तर आपली बैठक पावणेदोन वर्षे चालेल, आणि तोवर निम्मी मंडळी बहुधा दुसरीकडे राहायला गेलेली असतील. ‘किंगडम’चे दोनच सीझन आहेत, 2019 आणि 2020 मधील, प्रत्येकी सहा भागांचे, म्हणजे सहा शनिवारांत काम आटोपते. ही तफावत मोठी असली तरी निर्णायक मानू नये, कारण पहिल्या मालिकेतील आपल्या विषयाचा गाभा सुरुवातीच्या चार सीझनमध्ये, म्हणजे 51 भागांत आलेला आहे.

‘द वॉकिंग डेड’चा नायक रिक ग्राइम्स हा जॉर्जिया राज्यातील एका लहान गावचा पोलीस अधिकारी. तो रुग्णालयात बेशुद्धीतून जागा होतो तेव्हा सरकार, न्यायालय, पगार, पत्ता असे काहीच उरलेले नसते, आणि तरीही तो वर्दी अंगावर चढवतो. जगलेल्यांचा एक गट त्याच्याभोवती जमतो. त्याला कोणी निवडून दिलेले नसते आणि नेमलेलेही नसते. तो निर्णय घेतो आणि लोक ऐकतात, एवढीच त्याची सनद. त्याचा जुना सहकारी शेन हा याच पदाचा दुसरा दावेदार आहे. रिकच्या मुलाला, कार्लला, गोळी लागलेली असताना शेन औषधे आणण्यासाठी जातो आणि परतताना स्वतःची सुटका व्हावी म्हणून सोबतच्या माणसाच्या पायावर गोळी झाडून त्याला झॉम्बींच्या तोंडी देतो. औषधे वेळेवर पोहोचतात आणि कार्ल वाचतो. शेनला दुष्ट ठरवणे सोपे गेले असते, पण नायकाचा मुलगा त्या खुनामुळेच जिवंत आहे ही गोष्ट लेखकांनी प्रेक्षकाला विसरू दिलेली नाही.

दुसऱ्या सीझनमधील एक भाग तर स्वतंत्रपणे दाखवावा असा आहे. शत्रूच्या टोळीतील रँडल नावाचा तरुण पोरगा गटाच्या हाती लागतो. सोडले तर तो टोळीला घेऊन येईल आणि ठेवले तर खाणारे एक तोंड वाढेल, म्हणून त्याला मारावे असे बहुतेकांना वाटते. डेल नावाचा वयस्कर माणूस एकेकाला गाठून समजावतो. बहुतेकजण नजर टाळतात, कोणाला कामे आठवतात, आणि संध्याकाळी सगळे एकत्र बसतात तेव्हा डेलच्या बाजूने जेमतेम एक मत पडते. मग कोठारात रँडलला डोळे बांधून गुडघ्यांवर बसवले जाते. रिकने पिस्तूल रोखलेले असताना कार्ल आत येतो आणि बापाला ‘मारा’ असे सांगतो, आणि रिक हात खाली घेतो. डेलचा युक्तिवाद जिथे हरला तिथे स्वतःच्या पोराचा शांत आवाज ऐकून रिक थांबतो. त्याच रात्री डेल एका झॉम्बीच्या तावडीत सापडून मरतो. म्हणजे त्याचे म्हणणे खरे झाले हे पाहण्याचे समाधानही लेखकांनी त्याला दिलेले नाही.

त्यानंतर शेनला मारून रिक गटाला बजावतो की येथून पुढे लोकशाही नाही. साधारण सीझनभर तो एकटा ठरवतो आणि इतरांचे जीव त्यावर अवलंबून राहतात. शेजारच्या वस्तीचा सर्वेसर्वा, ज्याला सगळे गव्हर्नर म्हणतात, मिशोन या गटातील स्त्रीला आपल्या हवाली करण्याची मागणी करतो तेव्हा रिक तिला देण्याचे गुपचूप ठरवूनही टाकतो. पुढे त्याचे मन पालटते आणि तो सगळ्यांसमोर कबुली देऊन तो अधिकार परत करतो. चौथ्या सीझनमध्ये तुरुंगाच्या आवारात राहणाऱ्या या लोकांची एक समिती असते आणि रिक भाजीपाला पिकवत असतो. इथवर सारे आदर्श वाटते. पण साथीच्या तापाने आजारी पडलेल्या दोघांना गटातीलच कॅरल नावाची स्त्री मारून जाळते हे रिकला कळते तेव्हा तिला गटातून हाकलण्याचा निर्णय तो समितीला न विचारता, गाडीतून बाहेर नेऊन, एकटाच घेतो. पद सोडलेल्या माणसाची ही जुनी सवय पाहताना मला आमच्या संकुलातील काही माजी पदाधिकारी आठवले, हे मान्य करतो.

येथे थोडे विषयांतर, पण उपयोगाचे. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्याकडे दोन दिवस पाणी आले नव्हते आणि रात्री साडेअकराला मागवलेल्या दोन टँकरपैकी एकच आला. वॉचमन टॉर्च धरून उभा, टँकरवाला घाई करतो आहे, आणि पाणी कोणत्या विंगच्या टाकीत सोडायचे हे ठरवणारी व्हॉल्व्हची चावी तेव्हाच्या पदाधिकाऱ्याच्या मुठीत. त्याने ए विंगचा व्हॉल्व्ह उघडला. सकाळी कारण विचारले तेव्हा बी विंगमध्ये बहुतेक भाडेकरू आहेत, असे तो अगदी सहज म्हणाला. त्या रात्री दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेले होते: चावी कोणाच्या हाती असावी, आणि पाणी ज्यांना मिळायला हवे अशांत कोणाकोणाला धरावे. ‘द वॉकिंग डेड’ पहिल्या प्रश्नाभोवती फिरते. ‘किंगडम’ दुसऱ्या प्रश्नाला हात घालते, आणि तो मला अधिक अवघड वाटतो.

‘किंगडम’ कोरियातील जुन्या जोसन राजवटीत घडते. राजा मेलेला आहे, पण सत्ताधारी चो घराण्याने एका वनस्पतीच्या साहाय्याने त्याला उठवून त्याच्या नावाने कारभार चालू ठेवला आहे, कारण गर्भवती असल्याचे भासवणाऱ्या राणीला पुत्र होईपर्यंत त्यांना वेळ हवा आहे. युवराज ली चांग सत्य शोधत दक्षिणेकडील तोंगने गावी जातो. तेथे उपासमारीने खंगलेल्या रुग्णांच्या दवाखान्यात योंग-शिन नावाचा माणूस हरणाचे मांस म्हणून एका मृतदेहाचे कालवण करून वाढतो, आणि त्यातून साथ पसरते. महाभारताच्या शांतिपर्वातील आपद्धर्माच्या भागात दुष्काळात भुकेने व्याकूळ झालेला विश्वामित्र चांडाळाच्या घरातून कुत्र्याचे मांस चोरतो आणि जीव राहिला तर धर्म पाळता येईल असे सांगतो, ती कथा येथे आठवल्याखेरीज राहत नाही. फरक असा की विश्वामित्राला वाद घालायला चांडाळ भेटला आणि आपण काय खात आहोत हे त्याला ठाऊक होते. दवाखान्यातील रोग्यांना कोणी काही विचारलेच नाही.

पहिल्या रात्रीच्या संहारानंतर गावात प्रेतांचे ढीग पडतात. अंधार पडला की ती उठतील, म्हणून त्यापूर्वी ती जाळली पाहिजेत, असे सो-बी ही वैद्य स्त्री जीव तोडून सांगते. पण उमरावांच्या घरची प्रेते सामान्यांच्या प्रेतांबरोबर जाळायची कशी, आईबापांनी दिलेल्या देहाची विटंबना करायची कशी, यावर वाद चालतो आणि दिवस मावळू लागतो. मग अधिकारी आणि प्रतिष्ठित मंडळी गावातील एकमेव जहाज घेऊन पळतात, आणि एका आईने पेटीत लपवून आणलेले मुलाचे प्रेत जहाजावरच उठते. कुळाचा अभिमान आणि पुत्रप्रेम या दोन्ही आदरणीय गोष्टी येथे माणसे मारतात. मागे राहिलेल्या गावकऱ्यांसोबत युवराज राहतो. त्याला नेतृत्व जन्माने मिळालेले आहे. रिकला ते मिळवावे लागले होते.

त्याहून जड प्रकरण युवराजाच्या गुरूचे. तीन वर्षांपूर्वी जपानी सैन्याला रोखण्यासाठी या सन्माननीय सेनापतीच्या संमतीने एका गावातील आजारी लोकांना मारून त्याच वनस्पतीने झॉम्बी बनवलेले असते. देश वाचला, पण ज्यांचा बळी गेला ते देशाचे नव्हते काय, हा प्रश्न मालिका भाषणाने सोडवत नाही. कालवण वाढणारा योंग-शिन त्याच गावचा आहे, एवढे समजते आणि पुरते. राणीने आपला पुत्र म्हणून पुढे केलेल्या ज्या तान्ह्या बाळाला शेवटी सिंहासनावर बसवले जाते त्याच्यात राजरक्ताचा थेंब नसतो. ते युवराजाचा विश्वासघात करणाऱ्या त्याच्याच अंगरक्षकाचे मूल असते. त्याला मारण्याचा सल्ला युवराज नाकारतो आणि स्वतःच्या मृत्यूची नोंद इतिहासात करवून घेऊन निघून जातो.

‘ऑल ऑफ अस आर डेड’ ही 2022 मधील कोरियन मालिकाही काहींनी सुचवली. तिचे 12 भाग एका शाळेत घडतात. हातरुमालावरचे संसर्गित रक्त वर्गमित्राच्या जखमेला लावणारी मुलगी हा तिच्यातील एक प्रसंग विसरता येत नाही, पण मधले भाग विनाकारण लांबले आहेत आणि नेतृत्वाविषयी तिला सांगण्यासारखे फारसे नाही.

‘द वॉकिंग डेड’चा दोष असा की पुढच्या सीझनमध्ये तोच पेच नव्या खलनायकासह पुन्हा उभा राहतो. ‘किंगडम’चा दोष उलटा: युवराज जवळजवळ नेहमीच योग्य तेच निवडतो, त्यामुळे त्याच्यावर वाद घालायला जागा कमी उरते, आणि वाद तर आपल्याला हवाच आहे. तरीही आठ जणांच्या, वेगवेगळ्या वयांच्या बैठकीसाठी मी आधी ‘किंगडम’ सुचवतो, आणि त्यानंतर कोणाला हवे असल्यास ‘द वॉकिंग डेड’चे दुसरा, तिसरा आणि चौथा हे सीझन. कमिटीवर असलेल्या किंवा येत्या निवडणुकीला उभे राहणाऱ्या सभासदांनी मात्र हा क्रम उलटा करावा. लहान मुलांना दोन्हींपासून दूर ठेवावे. कोरियन संवादांसाठी सबटायटल वाचावी लागतील, म्हणून चष्मा सोबत आणावा. आणि दवाखान्यातील कालवणाचा प्रसंग पहिल्याच भागात येत असल्यामुळे त्या शनिवारी जेवण आधी उरकून घ्यावे की नंतर ठेवावे, हे ज्याचे त्याने ठरवावे.