टप्पा की गप्पा?

जुलैत टूर द फ्रान्स, म्हणजे फ्रान्समधली तीन आठवड्यांची सायकल शर्यत, सुरू झाली की धरमपेठेतल्या आमच्या घरात दोन पक्ष पडतात. मी थेट टप्पा, म्हणजे त्या दिवसाची शर्यत, पाहणारा. धाकट्या भावाला मात्र त्यानंतरच्या टीव्हीवरच्या गप्पा हव्यात.

थेट प्रक्षेपण नागपुरात सोयीच्या वेळी येतं. तिकडे दुपार, इकडे संध्याकाळ. बहुतेक टप्पे नऊच्या सुमारास, जेवता जेवता संपतात. पण टप्पा सपाट असला तर तासन्‌तास हेलिकॉप्टरमधून सूर्यफुलंच बघायची. (मला ती आवडतात, ते सोडा.)

गप्पांचं तसं नाही. नेदरलँड्सचा ‘द आवॉन्डएताप्पे’ किंवा बेल्जियमचा ‘व्हीव्ह ल वेलो’ हा कार्यक्रम घ्या. दोन्ही डचमध्ये, ती आपल्याला कळत नाही, भाऊ भाषांतरित क्लिपांवर भागवतो. पण जुने सायकलपटू जे उलगडतात ते चित्रात दिसत नाही. मी विचारतो, “पाच जण पुढं पळाले, त्याईले काहून सोडलं?” तर उत्तर मिळतं, एकूण वेळेत ते बरेच मागं असतात. पिवळ्या जर्सीला, म्हणजे एकूण वेळेत पहिल्या असलेल्याला, धोका नाही, मग वाऱ्याशी झुंजून संघाची ताकद कशाला जाळायची?

डोंगरातला टप्पा किंवा टाइम ट्रायल (एकेकट्यानं घड्याळाविरुद्धची शर्यत) मात्र थेटच पाहावी. १९८९ मध्ये शेवटच्या दिवशीच्या टाइम ट्रायलआधी अमेरिकेचा ग्रेग लेमाँड पहिल्यापेक्षा ५० सेकंद मागं होता आणि ८ सेकंदांनी टूर जिंकला. निकाल आधी कळला, तर त्या पाठलागात काय उरतं?

भावाला हे पटत नाही. गेल्या रविवारी सेमिनरी हिल्सचा चढ चढताना मात्र त्याच्या गप्पा बंद होत्या.