माँटिसेलो: जेवणघरातलं फिरतं दार

व्हर्जिनियात शार्लट्सव्हिलजवळच्या टेकडीवर अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन याचं हे घर. हौस लेकीची, तिचा विषय इतिहास. मी पंचवीस वर्षं केटरिंग केलेली बाई. कुठलाही वाडा दाखवा, माझी नजर आधी चुलीकडे जाते.

दारातून आत शिरताच मोठं घड्याळ. तोफगोळ्यांची वजनं हळूहळू खाली येतात, भिंतीवर आठवड्याच्या वारांच्या खुणा. उंची पुरेना म्हणून जमिनीला भोक पाडलं, त्यामुळे शनिवार तळघरात! सगळे हसले, मीही.

जेवणघरात मात्र मी अडकले. शेकोटीच्या दोन्ही अंगांना लपवलेले कप्पे, त्यांतून वाइनच्या बाटल्या तळघरातून थेट वर यायच्या. आणि एक दार मधल्या आसावर फिरणारं, पाठीला फळ्या. पलीकडून ताटल्या मांडायच्या, दार फिरवायचं, जेवण आत हजर. आमच्या कार्यालयात असं दार असतं तर वाढप्यांच्या निम्म्या फेऱ्या वाचल्या असत्या. पण इथे फेऱ्या वाचवायच्या नव्हत्या. टेबलावरच्या गप्पा वाढणाऱ्यांच्या कानी पडू नयेत, ही खरी काळजी. वाढणारे होते गुलाम, आणि टेबलाशी बसलेला जेफरसन, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात ‘सर्व माणसं समान जन्मली’ असं लिहिणारा.

स्वयंपाकघर खाली, दक्षिणेच्या अंगाला. विटांच्या ओट्यात ओळीने शेगड्या, प्रत्येकीची आच वेगळी सांभाळता येईल अशा. लेक कंटाळली तरी मी हलले नाही. इथली मुख्य आचारी एडिथ फॉसेट. जेफरसन राष्ट्राध्यक्ष असताना त्याच्या वॉशिंग्टनच्या निवासस्थानातल्या फ्रेंच आचाऱ्याच्या हाताखाली तयार झालेली. ४ जुलै १८२६ ला, जाहीरनाम्याला बरोबर ५० वर्षं झाली त्या दिवशी, जेफरसन गेला. मागे लाखावर डॉलरचं कर्ज. मृत्युपत्राने एडिथचा नवरा जोसेफ, लोहार, मुक्त झाला, ती नाही. जानेवारी १८२७ मध्ये घरातल्या सामानाबरोबर १३० माणसं लिलावात निघाली, त्यांत एडिथ होती. इतकं सगळं तिथे न लपवता सांगतात, म्हणून माझे पाचपैकी पाच तारे. घराला की सांगणाऱ्यांना, ते विचारू नका.

परतताना बस सोडा, पायी उतरा. वाटेत त्याची कबर लागते. दगडावर तीनच गोष्टी: स्वातंत्र्याचा जाहीरनामा, व्हर्जिनियाचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा, व्हर्जिनिया विद्यापीठ. राष्ट्राध्यक्षपदाचा उल्लेखच नाही.

आणि हो, शनिवार बघायला तळघरात उतराल, तेव्हा तिथून लगेच वर येऊ नका. तोच बोळ पुढे स्वयंपाकघराकडे जातो.