लिंबू की आंबवलेला कोबी?

भाचीने विचारलं, "मावशी, स्कर्व्हीवर लिंडचं लिंबू भारी की कुकचा कोबी? प्रकल्पात एकच घ्यायचाय."

स्कर्व्ही म्हणजे क जीवनसत्त्व न मिळाल्याने होणारा आजार, पूर्वी लांबच्या सफरीत खलाशांना व्हायचा. त्यावर गुण बघशील तर लिंबूच. १७४७ मध्ये 'सॅलिसबरी' जहाजावर ब्रिटिश नौदलाचा डॉक्टर जेम्स लिंड याने दोघा आजाऱ्यांना रोज दोन संत्री आणि एक लिंबू दिलं. हिरड्या सडलेल्या, गुडघ्यांत जोर नाही, अशी ती माणसं. त्यातला एक सहा दिवसांत कामावर उभा राहिला!

टिकण्यात मात्र फळं हरतात. लिंडने रस आटवून ठेवायला सांगितलं, पण उष्णतेने क जीवनसत्त्वच गेलं. कोबी पिंपात महिनोन्महिने राहायचा. खलाशी तोंड लावेनात, तेव्हा ब्रिटिश कप्तान जेम्स कुकने तो अधिकाऱ्यांच्या टेबलावर रोज वाढायला लावला. मग सगळेच मागू लागले.

लांबच्या सफरीत रोजच्या ताटाला कोबी चालेल. अंथरुणाला खिळलेल्याला उठवायचं तर लिंबूच हवं.